थंड कपाटातली दोनशे अठरा

१

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी कौटुंबिक न्यायालयाच्या दप्तरखान्यात दोनशे अठरा क्रमांकाची फाइल जागेवर नाही, असं उघडकीला आलं.

कुलूप तुटलेलं नव्हतं. खिडकीचे गज शाबूत होते. त्या दिवशीच्या यादीत चौदा प्रकरणं होती आणि वर न्यायाधीशबाईंकडे न्यायच्या ट्रेमध्ये तेरा फाइली होत्या. दप्तरबाईंनी त्या दोनदा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायची त्यांना लाज वाटली.

तळमजल्यावरची ही खोली बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. सगळी इमारत त्यांना दप्तरबाई म्हणायची. नवऱ्याने एकदा घरात तशी हाक मारून पाहिली होती, ती त्याला दोन दिवस महागात पडली होती. पण नोकरीवर त्यांचा जीव होता. माणसांची भांडणं वरच्या मजल्यावर व्हायची. खाली यायचे ते फक्त त्यांचे कागद, आणि कागद आवाज चढवत नाहीत. बावीस वर्षांत या खोलीतून एकही फाइल हरवली नव्हती.

दोनशे अठरा थंड कपाटात असायची. परस्पर संमतीने घटस्फोट मागणारे नवरा-बायको एकत्र अर्ज करतात, न्यायाधीशांपुढे पहिला जबाब देतात आणि मग कायदा त्यांना सहा महिने थांबवतो. जा, विचार करा, मन बदललं तर सांगा. तेवढे दिवस त्यांची फाइल खिडकीजवळच्या हिरव्या कपाटात निवांत पडून असते, म्हणून ते थंड कपाट. सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा यायचं, दुसरा जबाब द्यायचा, मग हुकूम. मात्र हे सगळं अर्ज केल्यापासून अठरा महिन्यांच्या आत उरकायचं. तसं झालं नाही तर अर्ज मेला. पुन्हा पहिल्यापासून.

दोनशे अठराचे अठरा महिने आज संध्याकाळी पाच वाजता भरत होते.

दप्तरबाई कपाटापुढे गुडघे टेकून बसल्या. दोनशे पंधरा होती, दोनशे एकवीस होती. मधल्या फटीत काहीतरी पांढरं दिसलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून बाहेर काढलं.

कोऱ्या पुठ्ठ्याची एक अरुंद, उभी पट्टी होती. फाइलींच्या वर बरोबर बोटभर डोकावेल अशी ती खोचलेली होती.

पावणेदहाला दप्तरबाईंनी स्वतःच्या हाताने दोनशे अठरा त्या फटीत ठेवली होती. तेव्हा तिथे पट्टी नव्हती.

२

"तुमच्याकडून फाइल हरवली?" पुकारेवाला दारातच थबकला. वरच्या मजल्यावरून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणं हे त्याचं काम, त्यामुळे तो कानात सांगायला गेला तरी शेजारच्या खोलीला ऐकू जायचं. "आता फक्त भिंतीवरचं घड्याळ उलटं फिरायचं राहिलंय, बाई!"

"हळू बोल. हरवली नाही. सापडत नाही."

"यात फरक काय?"

"फरक संध्याकाळी पाचपर्यंतचा आहे. वर जाऊन मॅडमना सांग, दोनशे अठराला थोडा उशीर लागेल."

पाच मिनिटांनी तो निरोप घेऊन आला. साडेचारपर्यंत फाइल वर आली तर न्यायाधीशबाई जबाब घेतील. वकिलाकडच्या झेरॉक्सवर चालणार नाही; मूळ अर्जावरच्या सह्या आणि पहिला जबाब समोर हवा. फाइल नव्याने बांधायची तर तीन आठवडे. आणि बायको उद्या सकाळी अकरा महिन्यांसाठी जहाजावर चालली होती.

दप्तरबाईंनी टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, स्टूलावर चढून कपाटावर पाहिलं, कालच्या आणि उद्याच्या ट्रेमध्ये पाहिलं. मग खुर्चीवर बसून एका कागदावर वेळा लिहून काढल्या.

साडेनऊला वकिलाने काउंटरवर दोनशे अठरा चाळायला घेतली. पावणेदहाला ती परत जागेवर. दहा वाजून दहा मिनिटांनी त्या स्वतः वर यादी आणायला गेल्या, पंचवीसला परतल्या. फाइल गेली ती याच पंधरा मिनिटांत.

त्या वेळात खोलीच्या आसपास कोण होतं? वकील बाहेरच्या बोळात फोनवर होता. समुपदेशक दोन फाइली काउंटरवर ठेवून गेले होते. नवरा आईला पाण्याची बाटली द्यायला आत आला होता. आणि आई, म्हणजे सासूबाई, आतच बसलेल्या होत्या.

त्यांना आत बसवलं होतं दप्तरबाईंनीच. बोळातला बाक मोडका, म्हाताऱ्या बाईंचे गुडघे दुखरे. "मावशी, इथे टेका," म्हणत कोपऱ्यातल्या कपाटाला लागून त्यांना खुर्ची दिली होती. बाईही गोड. अगदी हलक्या आवाजात बोलायच्या. बसल्या बसल्या काउंटरवरचा अस्ताव्यस्त गठ्ठा त्यांनी कडा जुळवून सरळ केला होता. "ऊन थेट पुठ्ठ्यांवर येतंय हो," असंही म्हणाल्या होत्या, "रंग उडतील." दप्तरबाईंना इतकं बरं वाटलं होतं, की त्यांनी पाहुण्यांना घर दाखवावं तशी सगळी खोली त्यांना फिरवून दाखवली होती.

माणसं चार, मिनिटं पंधरा. आणि ती पट्टी.

साडेअकराला वकील आत आला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"बाई," तो म्हणाला, "एक गोष्ट तुम्हाला सकाळीच सांगायला हवी होती."

३

वकील दोघांचा मिळून एकच होता. नवराबायकोत भांडण नाही तर दोन वकील कशाला, असं त्यांनीच ठरवलं होतं.

"पान नऊ," तो घाम पुसत म्हणाला. "सकाळी फाइल चाळताना लक्षात आलं. प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या हव्यात. नऊवर तिची सही नाही. अठरा महिने झाले, माझ्या ध्यानात आलं नाही."

"पहिल्या जबाबाच्या वेळी कुणाच्या आलं नाही?"

"कुणाच्याच नाही. म्हटलं, आज मॅडमच्या नजरेला पडलं तर माझी शोभा. ती गेटवर आली का, हेच बोळात उभं राहून फोनवर विचारत होतो. आता लोक म्हणणार, चूक झाकायला यानेच फाइल पळवली."

"लोकांचं जाऊ द्या. तुम्हाला सही कशावर घ्यायची होती?"

"पान नऊवर."

"पान नऊ कुठे आहे?"

"फाइलीत."

"मग फाइल गेल्यावर तुम्ही सही घेणार होता कशावर, तिच्या तळहातावर?"

वकिलाच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त दिसलं. तो गेला. दप्तरबाईंनी कागदावरच्या पहिल्या नावावर बारीक रेघ मारली.

समुपदेशक पहिल्या मजल्यावर बसायचे. भांडून आलेल्यांना समोरासमोर बसवून बोलतं करणं हे त्यांचं काम, आणि ज्यांचं पुन्हा जुळायचं त्यांची मोजदाद ते भिंतीवरच्या पाटीवर खडूने ठेवायचे. सगळे त्यांना समेटकाका म्हणत. या महिनाअखेर ते निवृत्त होत होते. पाटीवर आकडा होता नव्व्याण्णव.

दप्तरबाई पाटीकडे बघत उभ्या राहिल्या.

"बघू नका तसं," समेटकाका म्हणाले. "मला कळलंय काय ते. पुकारेवाला बोलला आणि अख्ख्या इमारतीने ऐकलं. शंभरावं जोडपं मिळावं म्हणून म्हाताऱ्याने फाइल दडवली, हेच ना?"

"दडवलीत?"

"दडवली असती तर आकडा वाढला असता का? समेट धरायचा तर दोघांच्या सहीचा अर्ज लागतो: आमचा अर्ज आम्ही मागे घेतो म्हणून. आज सकाळी तसेच दोन तुमच्या काउंटरवर ठेवून आलो. ते धरून नव्व्याण्णव. फाइल हरवली म्हणजे माणसं एकत्र आली असं मांडता आलं असतं, तर मी दहा वर्षांपूर्वीच शंभरी गाठली असती."

"मग या दोघांचं तुम्हाला काय वाटलं होतं?"

त्यांनी खणातून आपल्या अहवालाची प्रत काढली. एकच ओळ होती. भांडण नाही, समेटाची शक्यता नाही.

"चाळीस मिनिटं माझ्यासमोर बसले," समेटकाका म्हणाले. "तीस मिनिटं हसत होते. मी ताडकन उठून खडू हातात घेतला, म्हटलं जुळलं! तर ती म्हणते, काका, आम्ही लग्नाआधीही असेच होतो, लग्नानंतरही असेच राहू. मधलं लग्न तेवढं आम्हाला जमलं नाही. खडू परत ठेवला." ते थांबले. "त्या दोघांना काही दुःख नव्हतं, बाई. रडत होतं ते तिसरंच कुणीतरी. दाराबाहेर."

"कोण?"

पण तेवढ्यात खालून पुकारेवाल्याची हाक आली. नवरा दप्तरखान्यात थंड कपाट उघडून उभा होता.

४

दप्तरबाई पायऱ्या उतरून आल्या तेव्हा तो खरोखरच कपाटात डोकं घालून होता.

"बाहेर या. त्या कपाटाला हात लावायचा नाही."

"शोधायला मदत करत होतो," तो खजील होऊन म्हणाला. तो चष्मे बनवायचा. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं छोटंसं दुकान होतं. कपाटाचं दार त्याने सताड उघडं टाकलं होतं, वरची फाइल खालच्या कप्प्यात गेली होती आणि त्याची पाण्याची बाटली दोनशे पाचवर आडवी होती. दप्तरबाईंनी बाटली उचलून पुठ्ठा पदराने पुसला.

"घरी पण असंच?"

"आई म्हणते, मी जिथून उठतो तिथे वादळ येऊन गेल्यासारखं वाटतं." तो हसला. "फाइल नाही मिळाली तर काय होईल हो?"

"अर्ज संपेल. नव्याने करायचा, नव्याने सहा महिने थांबायचं. त्या अकरा महिन्यांनी परत येणार, म्हणजे धरा दीड वर्ष."

"जाऊ दे दीड तर दीड. मला घाई नाही."

दप्तरबाईंनी मान वर केली. "घाई नाही, की इच्छा नाही?"

"इच्छा आहे. मला संध्याकाळी दुकान बंद केल्यावर घरात कुणीतरी असावं असं वाटतं. ती वर्षातून एक महिना घरी. तिला समुद्र सोडवत नाही, आणि तिने सोडावा असं मलाही वाटत नाही." त्याने खिशातून दोन चष्म्याच्या डब्या काढल्या. "जहाजावर तिचा चष्मा दर वेळी फुटतो. जास्तीचे दोन केलेत."

बायको बोळात उभी होती. समुद्राच्या तळाची खोली मोजून नकाशे काढण्याचं तिचं काम, त्यामुळे बोलणंही मोजून-मापून.

"साडेदहाला मी गेटमधून आत आले," ती म्हणाली. "त्याआधी इथे नव्हते. मला ही फाइल हवी आहे. आज नाही झालं तर माझ्यापेक्षा त्याचं नुकसान. त्याच्या आयुष्यात उद्या कुणी आलं, तर त्याने तिला काय सांगायचं, थांब, माझी बायको समुद्रावर आहे?"

"आणि सासूबाई?"

ती पहिल्यांदा जराशी अडखळली.

"आई रुसल्यात. बोलत नाहीत, पण रोज माझ्या बॅगेतल्या कपड्यांची घडी मोडून पुन्हा घालतात. बारा वर्षं झाली, मी या घरात आले तेव्हा घाबरून पुस्तकांच्या कपाटापुढे उभी होते. त्या म्हणाल्या, घे हवं ते. मात्र जिथून घेशील तिथेच परत ठेव. तेव्हा वाटलं, सासू कडक आहे. नंतर कळलं, माया करायची त्यांची तीच रीत."

दप्तरबाईंनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून पाच मिनिटं. त्या आत आल्या, दार लोटलं आणि पट्टी टेबलावर ठेवली.

५

डबा उघडला खरा, पण घास पट्टीकडे बघत बघतच गेला.

इमारतीतल्या कुणीही दप्तरखान्यातून फाइल घेतली, तर काउंटरवरच्या वहीत नोंद करायची, ही इथली रीत. शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांना ती पाठ. वहीत आज सकाळपासून दोनशे अठराची एकच नोंद होती, वकिलाची. म्हणजे ज्याने फाइल काढली त्याला वहीची रीत ठाऊक नव्हती.

पण फाइलीच्या जागी कशाला काही ठेवायचं? चोर रिकामी जागा रिकामीच सोडतो. हुशार चोर शेजारच्या फाइली सरकवून ती बुजवतो. इथे उलट कुणीतरी जागा राखून ठेवली होती, लांबून दिसेल अशी खूण करून. आणि पट्टी कात्रीने कापलेली नव्हती. घडी घालून, घडीवर नख फिरवून, एका ओढीत फाडलेली होती. कड सुरीने कापावी तशी सरळ. आयुष्यात अशा शेकडो पट्ट्या फाडल्याशिवाय हात असा बसत नाही.

दप्तरबाईंनी डबा बाजूला सारला आणि उलट्या बाजूने विचार करायला घेतला. फाइल नाहीशी होऊन फायदा कुणाचा?

वकिलाला सही हवी होती, त्यासाठी फाइल हवी. समेटकाकांना दोघांचा अर्ज हवा होता. फाइल जाऊन तो मिळत नव्हता. नवरा? त्याला नको असतं तर चोरी कशाला? वर जायचं, न्यायाधीशबाईंनी विचारलं की "नाही" म्हणायचं. दुसरा जबाब ठेवलाय तो त्यासाठीच. शेवटच्या मिनिटालाही दोघांपैकी एकाने मान हलवली की सगळं जागच्या जागी थांबतं. एक शब्द पुरतो. बायकोचंही तेच.

ज्याचा "नाही" हा शब्द कायदा ऐकून घेतो, त्याला फाइल पळवायची गरजच नाही. फाइल पळवावी लागते ती ज्याला कुणी विचारतच नाही त्याला.

समेटकाकांच्या दाराबाहेर रडणारं तिसरं माणूस कोण, हे आता विचारायला वर जायची गरज उरली नव्हती.

एवढंच कळेना, की फाइल गेली कुठे. सासूबाईंजवळ होती ती तळहाताएवढी पर्स. गुडघे दुखरे, सकाळभर त्या खोलीबाहेर गेल्या नव्हत्या, आणि अकरा वाजता मुलाचा हात धरून बोळात गेल्या तेव्हा हात मोकळे होते.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

पावणेचारला दप्तरबाई चहाचे दोन कप घेऊन बोळात आल्या. सासूबाई बाकाच्या शाबूत टोकावर बसल्या होत्या. मुलगा आणि सून गेटपाशी वकिलाला धीर देत होते.

"मावशी, आत चला. इथे वारा लागतोय."

सासूबाई मुकाट्याने आत आल्या आणि सकाळच्याच खुर्चीत बसल्या. काउंटरवरचा गठ्ठा पुन्हा विस्कटला होता. त्यांचा हात आपसूक तिकडे गेला.

"किती वर्षं केलंत हे काम?" दप्तरबाईंनी विचारलं.

"कसलं?"

"जे केलंत ते."

"एकतीस," सासूबाई म्हणाल्या. "शाळेच्या ग्रंथालयात." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "कशावरून ओळखलंत?"

दप्तरबाईंनी पट्टी पुढे ठेवली. "पुस्तक काढलं की जागेवर पट्टी. हो ना? परत कुठे ठेवायचं ते विसरायला नको म्हणून."

"मुलांना रोज ओरडून सांगायचे," सासूबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही कधीही परत याल अशी धास्ती होती, पण पट्टी ठेवल्याशिवाय निघवेना. तुमच्याच गठ्ठ्यातला एक जुना पुठ्ठा फाडला. रागावू नका."

"त्याचा राग नाही. दुसरा आहे."

"मग मलाही राग आहे, बाई." आवाज अजून हलकाच होता, पण त्याला आता धार होती. "त्यांच्या लग्नाच्या कागदावर माझी सही आहे. साक्षीदार म्हणून. मोडायच्या कागदावर मी तीनदा शोधली, माझ्या सहीला कुठे जागाच नाही. नियमांचं पुस्तक आणून वाचलं. दोघांना विचारतात, दोनदोनदा विचारतात, सहा महिने थांबवून विचारतात. मला एकदा तरी? बारा वर्षं ती माझी आहे. आज पाच वाजता ती माझी कोण होणार, हे त्या पुस्तकात एका पानावर लिहिलेलं नाही."

दप्तरबाईंनी पट्टी आपल्याकडे ओढली. मग म्हणाल्या, "नाहीच लिहिलेलं. पण मावशी, फाइल दडवून लग्न टिकत नाही. फक्त अर्ज मरतो. तो पुन्हा अर्ज करेल, ती पुन्हा सही करेल. आज हसत आलेत. दीड वर्षाने कंटाळून येतील. कोण जाणे, भांडूनही येतील. आमच्याकडे वर बघा, भांडून आलेले सासूला फोनसुद्धा करत नाहीत."

सासूबाईंनी गठ्ठ्याच्या कडा पुन्हा जुळवायला घेतल्या.

दप्तरबाई उठल्या. बाईंनी फाइल बाहेर नेलेली नव्हती. एकतीस वर्षं ग्रंथालयात काढलेलं माणूस नोंद केल्याशिवाय एक कागद दाराबाहेर नेऊ शकत नाही. जीवच होणार नाही. आणि खुर्चीला लागून, हात लांबवला की पोहोचेल असं, कोपऱ्यातलं करडं कपाट होतं. सकाळी दप्तरबाईंनीच त्यांना कौतुकाने दाखवलं होतं: ज्यांचं मन बदललं, ज्यांनी अर्ज मागे घेतला, त्यांच्या फाइली या कपाटात. मागे घेतलेले अर्ज. दिवसभर तिथे कुणी पाहिलं नव्हतं, कारण त्या कपाटात गेलेल्या फाइलीला पुन्हा कुणी हात लावत नाही.

त्यांनी दार उघडलं. शेकडो पाठी सारख्याच दिसत होत्या. यात एक फाइल दडवायची तर कुठेही कोंबता आली असती, आणि शोधायला आठवडा लागला असता. दप्तरबाईंनी शोधलंच नाही. त्या सरळ दोनशेच्या ओळीपाशी गेल्या. दोनशे नऊ. दोनशे चौदा.

दोनशे अठरा.

त्यापुढे दोनशे तेवीस.

"क्रमांक चुकला नाही ना?" मागून सासूबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी. क्रमांक अगदी बरोबर आहे," दप्तरबाई म्हणाल्या. "कपाट तेवढं चुकलंय."

चार वाजून बारा मिनिटं झाली होती.

७

पुकारा चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. पान नऊवरची सही न्यायाधीशबाईंच्या डोळ्यांदेखत घेतली गेली. त्यांनी वकिलाकडे चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि ते पुरेसं होतं. मग त्यांनी नवऱ्याला विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? अजूनही संमती आहे? तो "हो" म्हणाला. तेच तिला विचारलं. तिने मागे वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं. तिथे सासूबाई हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. त्यांनी सुनेला मान हलवून होकार दिला. कायद्याच्या दृष्टीने त्या होकाराला काही किंमत नव्हती आणि तो कुठेही नोंदवला गेला नाही.

"हो," ती म्हणाली.

चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी हुकूम झाला.

दप्तरबाईंनी वहीत लिहिलं: फाइल क्र. २१८ दुसऱ्या कपाटात आढळली. हे वाक्य अक्षरशः खरं होतं. त्याखाली सही करताना त्यांचा हात अडला नाही.

जाताना सून खाली आली. आभार मानले. टेबलावर ती पट्टी पडली होती. तिने ती उचलली आणि सरळ फाडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ही मी नेऊ का?" तिने विचारलं. "जहाजावर वाचायला पुस्तकं असतात."

"न्या," दप्तरबाई म्हणाल्या. "आमच्या कामाची नाही. आमच्याकडे वही असते."

बाहेर चष्मेवाला तिच्या बॅगेत चष्म्यांच्या डब्या कोंबत होता, आणि सासूबाई त्या काढून नीट लावत होत्या.

पुढची नोंद अकराव्या दिवसाची. हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल मिळावी म्हणून टपालाने तिसरा अर्ज आला. पहिले दोन पक्षकारांचे होते, ते हुकुमाच्या दिवशीच निकाली निघाले होते. हा सासूबाईंचा. अक्षर वळणदार, समास सोडलेला. "नक्कल कशासाठी हवी" या रकान्यात लिहिलं होतं: संग्रहासाठी. "पक्षकाराशी नातं" या रकान्यात नवऱ्यापुढे "मुलगा" असं होतं. पत्नीच्या नावापुढचा रकाना रिकामा होता.

अपुरा अर्ज सात दिवसांत परत पाठवावा, असा नियम आहे. दप्तरबाईंनी तो वर नेला. न्यायाधीशबाईंनी वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाल्या, "राहू दे जरा."

अर्ज दप्तरबाईंच्या टेबलावर, काचेखाली आहे. आज सहावा दिवस.